पूर्वेचा वारा आणि कॅनाचं बंदर: स्कॉटलंडच्या बेटांमधल्या एका आठवड्याच्या सफरीचं नियोजन

प्रकरणातली माणसं चार. इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेलं एक मराठी जोडपं, त्यांची चौदा वर्षांची मुलगी आणि नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र. जूनच्या मध्यात त्यांनी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबानजवळच्या एका तळावरून ३६ फुटी शिडाची बोट आठवड्यासाठी भाड्याने घेतली होती. ताबा शनिवारी दुपारी चारला, परत करायची शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ब्रिटनमध्ये स्वतःची छोटी बोट चालवायला कायद्याने परवाना लागत नाही, पण बोट भाड्याने देणारे अनुभव आणि प्रमाणपत्र पाहतात. नवऱ्याकडे आर.वाय.ए.चं, म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशनचं, डे स्किपर प्रमाणपत्र होतं. अनुभव सगळा दक्षिण इंग्लंडच्या सोलंट सामुद्रधुनीतला, म्हणजे रोज संध्याकाळी मरीनात शिरून बोट पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला बांधायची, शॉवर घ्यायचा आणि जेवायला बाहेर जायचं. नांगरावर रात्र काढलेली जवळजवळ नाहीच. बायकोला पोहता येतं, बोटीचं काम नवीन. मित्राने गोव्यात एकदा शिडाच्या होडीत बसून फोटो काढले होते, तेवढंच.

योजना मार्चमध्ये माझ्याकडे तपासायला आली. मी क्लाइडच्या काठी राहतो आणि उन्हाळ्यात या पाण्यात असतो, म्हणून. कागदावर ती फार सुबक होती. शनिवारी ओबानहून टोबरमोरी, रविवारी आर्डनामर्खनचं टोक ओलांडून कॅना, सोमवारी समुद्र पार करून बॅरा बेटावरचं कासलबे, मंगळवारी तिथेच विश्रांती, बुधवारी परत येऊन रम किंवा एग, गुरुवारी टोबरमोरी, शुक्रवारी ओबान. सगळं मिळून १९० सागरी मैलांच्या आसपास. प्रत्येक मुक्कामापुढे तिथलं काय पाहायचं ते लिहिलेलं: कासलबेला पाण्यात उभा असलेला किल्ला, कॅनाला पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी, टोबरमोरीला रंगीत घरांची ओळ.

अंतरं अशक्य नव्हती, हे आधी सांगायला हवं. पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, तीस मैलांना सहा तास लागतात आणि जूनच्या मध्यात ओबानला सूर्य पहाटे साडेचारला उगवून रात्री सव्वादहाच्या पुढे मावळतो. दिवस संपेल ही भीती नाही. अडचण दुसरीच होती. त्या कागदावर बेटं होती, बंदरं होती, तारखा होत्या आणि वारा कुठेच नव्हता. एकाही नावापुढे ‘कोणत्या वाऱ्यात’ हा रकाना नव्हता.

नांगराची जागा आणि तिची दिशा

मरीनात बोट बांधायची सवय असलेल्या माणसाला नकाशावरचं नांगराचं चिन्ह म्हणजे मुक्कामाचं आरक्षण वाटतं. पश्चिम स्कॉटलंडमध्ये त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की कुठल्या तरी वाऱ्यात इथे झोप लागेल. जागा चांगली की वाईट हे त्या रात्रीचा वारा ठरवतो. एकाच खाडीत आज पाणी आरशासारखं आणि उद्या दर तासाला उठून नांगर घसरतोय का ते पाहावं लागतंय, असं सर्रास होतं.

या भागात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा. त्यामुळे ज्या बेटांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांची बंदरं त्या वाऱ्याला पाठ करून आहेत. आर्डनामर्खनच्या उत्तरेला स्मॉल आइल्स म्हणून चार बेटं आहेत: मक, एग, रम आणि कॅना. त्यांतलं सगळ्यांत भरवशाचं बंदर कॅनाचं मानतात, आणि पश्चिमेचा वारा असेल तर ते खरंच आहे. पण त्याचं तोंड पूर्वेला उघडं आहे. रमचं लॉख (म्हणजे खाडी) स्क्रेसॉर्टही पूर्वेलाच उघडं. एगचा धक्का आग्नेयेकडे, मकचं पोर्ट मोर दक्षिण-आग्नेयेकडे. म्हणजे चार बेटांचा हा सगळा समूह एकाच प्रकारच्या वाऱ्यासाठी चांगला आणि एकाच प्रकारच्या वाऱ्यात एकदम निकामी.

हा निकामी करणारा वारा येतो कधी? बहुतेकदा मे-जूनमध्ये, स्कँडिनेव्हियावर जास्त दाबाचा पट्टा बसला की. आणि नेमकं तेव्हाच आभाळ निळं, ऊन स्वच्छ, डोंगर दूरवर दिसणारे असे असतात. मे आणि जून हे इथले तुलनेने कोरडे महिने, म्हणून जाणकार याच दिवसांत सुट्टी घ्यायला सांगतात. म्हणजे फोटोसाठी सर्वोत्तम आठवडा हा स्मॉल आइल्सच्या बंदरांसाठी सर्वांत वाईट ठरू शकतो. दक्षिणेकडून येणाऱ्या माणसाला वाईट हवा म्हणजे पाऊस असंच वाटतं. उन्हात बसून नांगर घसरताना पाहायला लागेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

म्हणून आम्ही कागद उलटा केला. तारखेपुढे गाव लिहायचं बंद केलं. त्याऐवजी प्रत्येक टप्प्यासाठी तीन-तीन जागा काढल्या: एक पश्चिमेच्या वाऱ्याची, एक पूर्वेच्या वाऱ्याची आणि एक अशी की काहीही झालं तरी शिरता येईल. शेवटच्या प्रकारच्या जागा थोड्या असतात आणि त्यांची नावं पाठ हवीत. मल्ल बेटाच्या सामुद्रधुनीत लॉख अ‍ॅलिन. अरुंद तोंड, तोंडाशी पाण्याची ओढ, फेरीची ये-जा, पण आत गेलं की चारी बाजूंनी जमीन. टोबरमोरीच्या समोर, लॉख सुनार्टच्या मुखाशी लॉख ना ड्रोमा बुई, ज्याला सगळे ड्रमबुई म्हणतात. मल्लच्या आग्नेय किनाऱ्यावर लॉख स्पेल्व्ह, तेही चिंचोळ्या तोंडाचं आणि तोंडाशी खडक असलेलं. आणि ओबानच्या दक्षिणेला सील बेटाजवळ पुलडोरन.

क्लाइड क्रूझिंग क्लबची मार्गदर्शक पुस्तकं प्रत्येक जागेसाठी हेच सांगतात: कोणत्या दिशेला उघडी, तळ चिखलाचा की वाळूचा, आत शिरताना कोणता खडक कोणत्या बाजूला ठेवायचा. त्याच्या जोडीला अँटारीस चार्ट म्हणून छोट्या नांगर-जागांचे बारीक सर्वेक्षण केलेले डिजिटल नकाशे मिळतात. अधिकृत नकाशावर जिथे फक्त एक निळा डाग दिसतो, तिथे यांत खडकाचा आकार दिसतो. स्किपरने, म्हणजे नवऱ्याने, दोन्ही घेतलं. मी सांगण्याआधीच घेतलं होतं, फक्त वाचताना तो ‘उघडी कुठे’ हे वाक्य ओलांडून ‘पब किती लांब’ या वाक्यावर जात होता.

तिथीचा हिशेब

भरती-ओहोटीच्या बाबतीत हे कुटुंब स्वतःला वाटत होतं त्याहून जास्त तयार होतं. बायकोचं माहेर दापोलीजवळचं. तिच्या आजोबांकडून तिला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब माहीत होता: तिथीचा आकडा घ्या, पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. कोकणपट्टीवर हा हिशेब ढोबळमानाने बरोबर येतो.

ओबानलाही येतो, कारण चंद्र तोच आहे आणि भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते तीही त्याच्यामुळेच. फक्त सुरुवातीची वेळ वेगळी. ब्रिटनच्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे कोकणच्या आकड्यात ढोबळ सात तास मिळवले की ओबानची भरती मिळते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथे भरती सकाळ-संध्याकाळ सातच्या आसपास आणि ओहोटी भर दुपारी एकच्या आगेमागे. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी सगळ्यांत कमी चढतं-उतरतं तेव्हा, याच्या उलट, दुपारी भरती. प्रत्यक्ष बोट चालवताना अर्थातच छापील तक्तेच वापरायचे, आणि ओढीच्या तक्त्यांत बहुधा डोव्हर हे आधाराचं बंदर धरलेलं असतं. ओबानची भरती डोव्हरच्या सुमारे साडेपाच तास आधी. पण तिथीचा हिशेब डोक्यात असला की पंचांग पाहून तीन महिने आधीच सांगता येतं की आपल्या आठवड्यात कोणत्या दिवशी पाण्याची ओढ आपल्या बाजूने दुपारी असेल.

त्यांच्या आठवड्यात अमावस्या बुधवारी होती. म्हणजे खरं उधाण त्यानंतर दीड-दोन दिवसांनी, गुरुवार-शुक्रवारला. ओबानला उधाणात पाणी साधारण तीन-सव्वातीन मीटर चढतं-उतरतं, भांगात जेमतेम एक मीटर. ज्या बोटीचा तळ पाण्याखाली १.९ मीटर जातो तिच्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

पाण्याच्या ओढीबद्दल या किनाऱ्यावर सगळे कॉरीव्रेकनचं नाव घेतात. जुरा आणि स्कार्बा या बेटांमधल्या त्या खिंडीत उधाणाला पाणी आठ नॉटच्या पुढे धावतं आणि जगातल्या मोठ्या भोवऱ्यांत त्याची गणना होते. ऑगस्ट १९४७ मध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेल तिथे बुडता बुडता वाचला. मित्राला ते ‘लांबून का होईना’ पाहायचं होतं. उधाणाच्या आठवड्यात नवख्या चमूने त्याच्या आसपास फिरकण्याचं काही कारण नव्हतं, आणि तो विषय एका फोनमध्ये संपला. आपल्या मार्गावर महत्त्वाची होती ती फर्थ ऑफ लॉर्न, मल्ल बेटाच्या दक्षिणेकडचं रुंद पाणी. तिथे भरती ईशान्येकडे, म्हणजे ओबानच्या दिशेने वाहते. गुरुवारी ती दुपारी सव्वा वाजता सुरू होऊन संध्याकाळी सातपर्यंत चालणार होती. परतीचा टप्पा त्याच वेळेत बसवायचा, हे जूनच्या आधीच ठरलं. आठवड्याचं नियोजन शुक्रवारच्या पाच वाजल्यापासून मागे मागे येत करायचं, आणि त्यात पहिलं पक्कं झालेलं वाक्य हे होतं: ‘गुरुवारी रात्री ओबानपासून दहा मैलांच्या आत’.

बोटीवरचं

किराण्याबद्दल फार लिहीत नाही. या बेटांवर दुकानं आहेत, पण त्यांची वेळ आणि तुमची वेळ जुळेलच असं नाही. गोडं पाणी आणि डिझेल टोबरमोरीला आणि ओबानला मिळतं. मधल्या नांगर-जागांवर काही नाही. कुकर मात्र त्यांनी घरून नेला आणि तो निर्णय उत्तम होता. हलत्या बोटीवर झाकण लॉक होणाऱ्या भांड्यासारखं सुरक्षित भांडं नाही, आणि मुगाच्या खिचडीला गॅसही थोडा लागतो. भाजणी, पोहे, मेतकूट, लोणचं. एवढ्यावर सहा दिवस चौघांचं निभतं.

मिजेस नावाच्या बारीक चावऱ्या माशांबद्दल सगळ्यांनी घाबरवलेलं होतं. त्यांना वारा सोसत नाही. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर वारा गेला की त्या उडत नाहीत. नांगर काठापासून जरा दूर टाकला तर बराचसा प्रश्न तिथेच मिटतो.

वेळ घालवला तो दोन गोष्टींवर. पहिली नांगराची साखळी. सोलंटच्या सवयीने स्किपर साउंडरवरचा (खोली मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा पाहून त्याच्या तिप्पट साखळी सोडायचा. इथे आकडा बदलता असतो. पुलडोरनचं उदाहरण आम्ही कागदावर सोडवलं. नकाशावर खोली ३ मीटर. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला पोहोचलो तर साउंडर साडेसहा दाखवेल, सातनंतरच्या भरतीला पाणी ७ मीटर होईल. त्यात पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंतचा एक मीटर धरला की आठ, त्याची चौपट ३२ मीटर साखळी. आणि रात्री दीडच्या ओहोटीला पाणी पावणेचार मीटरवर येईल, म्हणजे तळाखाली १.८५ मीटर शिल्लक. तेही तपासायचं. शिवाय बत्तीस मीटर साखळीवर बोट वाऱ्याबरोबर केवढं वर्तुळ काढेल आणि त्या वर्तुळात शेजाऱ्याची बोट किंवा खडक येतो का, हेही. केल्प म्हणजे जाड पट्ट्यांचं समुद्री शेवाळ असलेल्या तळावर नांगर रुतल्यासारखा वाटतो आणि पहिल्या झोताला सुटतो. म्हणून साखळी सोडल्यावर इंजिन मागे टाकून हळूहळू ताण द्यायचा आणि काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाहायचं की त्या हलतात का.

दुसरी गोष्ट बायकोची. आठवड्याआधी तिने स्वतःच विचारलं, ‘हा पाण्यात पडला किंवा याला काही झालं, तर मी काय करायचं?’ फार थोडे चमू हा प्रश्न विचारतात. तिला इंजिन चालू करणं, शीड खाली घेणं, व्ही.एच.एफ. रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर मदत मागणं आणि नकाशावरून आपली जागा वाचून सांगणं, एवढं शिकवलं. जूनमध्येही या पाण्याचं तापमान बारा अंशांच्या आसपास असतं. पडलेल्या माणसाकडे वेळ फार नसतो.

आठवडा जसा आला

शनिवारी ताबा मिळून सामान लागेपर्यंत सहा वाजले. मूळ कागदाप्रमाणे पंचवीस मैलांवर टोबरमोरी गाठायचं होतं. त्याऐवजी बारा मैलांवरचं लॉख अ‍ॅलिन. उजेड भरपूर होता, लिस्मोर बेटाच्या दीपगृहाजवळून ओहोटी आणि पूर्वेचा हलका वारा साधारण एकाच बाजूला जात होते. हे दीपगृह १८३३ चं, रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधलेलं, आणि त्याच्या नैर्ऋत्येला वारा आणि पाणी समोरासमोर आले की समुद्र उकळल्यासारखा होतो. त्या संध्याकाळी तसं काही नव्हतं. साडेनऊला नांगर पडला, चिखलात चांगला रुतला. लॉख अ‍ॅलिनच्या काठी जमिनीखाली अतिशय शुद्ध सिलिका वाळूची खाण आहे, १९४० साली सुरू झालेली. दुर्बिणींच्या काचेसाठी ती युद्धकाळात सुरू केली होती. मुलीला कुठला प्राणी वगैरे काही न दिसता हे ऐकायला मिळालं म्हणून ती जरा नाराज होती.

रविवारी चौदा मैल टोबरमोरीला. पाणी भरलं, ब्रेड घेतला, आणि संध्याकाळी किनारी हवामानाचा अंदाज ऐकला. हा अंदाज कोस्टगार्ड दर तीन तासांनी व्ही.एच.एफ.वर वाचून दाखवतं. टोबरमोरीच्या माणसाला दोन भाग ऐकावे लागतात, कारण आर्डनामर्खनच्या टोकाशी एक भाग संपून दुसरा सुरू होतो. दोन्हीकडे एकच: पूर्वेचा वारा, बोफर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापावर ५, काही वेळ ६, सोमवार रात्रीपर्यंत. मंगळवारी ४ किंवा ५, नंतर कमी. दृश्यमानता चांगली. नॉर्वेवर दाबाचा पट्टा घट्ट बसलेला. आभाळात एक ढग नाही.

प्रकरणातला खरा निर्णय हा एवढाच, आणि तो घेताना बोटीवर तास-दीड तास वाद झाला. मित्राचं म्हणणं सरळ होतं. पूर्वेचा वारा, कॅना वायव्येला, म्हणजे शीड बाजूला सोडून सुसाट जाता येईल. पाच-सहा तासांत पोहोचू. ते अगदी खरं होतं. पोहोचण्यात अडचण नव्हतीच. अडचण पोहोचल्यानंतरची होती: १७ ते २७ नॉटचा वारा थेट बंदराच्या तोंडातून आत, मागे काठ, आणि नांगरावर जवळजवळ नवखा चमू. त्या रात्री वैतागून बाहेर पडायचं म्हटलं तर जवळ दुसरं चांगलं ठिकाण नाही, कारण रम, एग, मक सगळी त्याच वाऱ्याला उघडी. बॅराचा तर प्रश्नच नव्हता. तिथे वारा पाठीवर घेऊन गेलं असतं आणि तोच वारा तोंडावर घेऊन पन्नास मैल परत यावं लागलं असतं.

‘बाबा, मग पफिन?’ एवढंच मुलीने विचारलं.

पफिनचं उत्तर त्याच वाऱ्यात होतं. पूर्वेच्या वाऱ्यात स्मॉल आइल्स निकामी होतात, पण मल्लचा पश्चिम किनारा, जो एरवी अटलांटिकच्या लांब लाटेला छाती देऊन उभा असतो, तो आडोशाला येतो. ट्रेशनिश बेटं, स्टॅफा, आयोना. नैर्ऋत्येच्या आठवड्यात जिथे उतरणं दुरापास्त, तिथेच या आठवड्यात शक्यता होती, आणि ट्रेशनिशपैकी लुंगा बेटावर जुलै संपेपर्यंत पफिन असतात. फक्त ५-६ चा जोर ओसरायला हवा होता.

रात्री आठला ते समोरच्या ड्रमबुईत शिरले आणि सोमवार तिथेच काढला. बाहेर सामुद्रधुनीत पांढऱ्या लाटा, आत झोत येत होते पण पाणी सपाट. दुपारी डोंगरावर चढले. स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागलं तर बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालण्याचा हक्क २००३ च्या कायद्याने दिलेला आहे, कुणाची परवानगी लागत नाही. मित्राला मात्र दिवस फुकट गेल्यासारखा वाटला. माझ्या मते हाच आठवड्यातला सर्वांत उपयोगी दिवस. त्यांनी तिथे नांगर तीनदा काढून पुन्हा टाकला, चौघांनीही, आणि मुलीने नांगर ओढणाऱ्या विंचचं बटण स्वतःच्या ताब्यात घेतलं ते शेवटपर्यंत.

मंगळवारी सकाळच्या अंदाजात जोर ३ किंवा ४ वर आला होता. कॅलियाखचं टोक वळसा घालून लुंगाच्या उत्तरेला दुपारी थोडा वेळ नांगर टाकला. तळ खडकाळ, रात्रीसाठी अजिबात नाही. म्हणून दोघं उतरायचे आणि दोघं बोटीवर थांबायचे, मग अदलाबदल. पफिन हातभर अंतरावर बसतात. माणसं जवळ असली की शिकारी पक्षी लांब राहतात, हे त्याचं कारण म्हणून सांगतात. मुक्काम गोमेट्राच्या बंदरात, उल्वा आणि गोमेट्रा या दोन बेटांच्या मधल्या खोबणीत. आत शिरताना ओहोटीला उघडे पडणारे खडक आहेत आणि इथे अँटारीसच्या चार्टचे पैसे वसूल झाले. सापळ्यांच्या तरंगत्या खुणांकडे मित्राने डोळा ठेवला. खेकडे-शेवंडांच्या सापळ्यांचा दोर पंख्यात अडकला तर इंजिन बंद, आणि या पाण्यात तो कुठेही असू शकतो.

समोरच्या उल्वाचा मुंबईशी संबंध आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर म्हणून गाजलेला लॅकलन मॅक्वारी याचा जन्म १७६२ साली उल्वाचा. गव्हर्नर होण्याआधी तो कंपनीच्या काळातल्या हिंदुस्थानात अनेक वर्षं सैन्यात होता. १७९३ साली मुंबईत त्याने जेन जार्विसशी लग्न केलं. ती तीन वर्षांत मकाऊला वारली, पण दफन मुंबईत झालं. पुढे मल्लवर जमीन घेतल्यावर त्याने तिला जार्विसफील्ड नाव दिलं.

बुधवारी वारा पडला. स्टॅफाला सकाळी लवकर पोहोचले, पर्यटकांच्या लाँची यायच्या आत. इथेही दोघं उतरले, दोघं बोटीवर, कारण स्टॅफाजवळ नांगर टाकून बोट एकटी सोडायची नाही. दापोलीकर बाईंनी उतरून पहिलं वाक्य काय म्हटलं असेल तर ‘हा तर आपला काळा दगड’. त्यात चूक काहीच नाही. फिंगलच्या गुहेचे षट्‌कोनी खांब म्हणजे थंड होताना तडकलेला बेसाल्ट, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दख्खनचा लाव्हा त्याच्या थोडा आधीचा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांबही त्याच प्रकारे झालेले. गोमेट्राहून बाहेर पडताना मल्लचे डोंगर पाहिले तर पायऱ्यापायऱ्यांचे कडे सह्याद्रीच्या ओळखीचे वाटतात, फक्त सर्वांत उंच बेन मोर ९६६ मीटरवर थांबतो.

दुपारी आयोना. संत कोलंबाने ५६३ साली इथे मठ स्थापला. सामुद्रधुनीत पाण्याची ओढ आहे, उत्तरेच्या भागात वाळूची पट्टी आहे आणि फेरी सतत ये-जा करते, त्यामुळे वारा नसतानाही दोन तासांपलीकडे थांबू नये. मुक्काम चार मैलांवर टिंकर्स होलला: एरेड बेट आणि एका छोट्या बेटामधली गुलाबी ग्रॅनाइटची गल्ली. दहा-बारा बोटी दाटीवाटीने होत्या. वारा नसल्यामुळे मिजेस त्या संध्याकाळी पहिल्यांदा आणि पुरेपूर भेटल्या.

गुरुवार

बुधवारी रात्रीच्या अंदाजात पट्टा मोडला होता. गुरुवारी नैर्ऋत्येचा वारा ३ ते ४, संध्याकाळी ५, शुक्रवारी पाऊस. ईशान्येला तीस मैल जायचंय आणि वारा नैर्ऋत्येचा, दुपारी सव्वा वाजल्यापासून भरतीही त्याच दिशेला: यापेक्षा सोयीचं मागता येत नाही. साडेबाराला नांगर उचलला. टोरन खडकांचं क्षेत्र उजवीकडे ठेवून, एरेडच्या बाजूच्या वाटेने बाहेर पडले आणि साडेपाचला पुलडोरन. साउंडरवर ६.६. साखळी ३२ मीटर. टेकडी ओलांडून क्लाखन पुलाजवळच्या पबला जाऊन आले. शुक्रवारी पावसात दहा मैल, वाटेत डिझेल, साडेतीनला ताबा परत. एकूण सुमारे ११५ मैल, मूळ कागदाच्या जेमतेम साठ टक्के.

गुरुवारचा वारा फिरणं हे नशीब होतं, आणि हिशेब मांडताना ते नशीब म्हणूनच मांडायला हवं. पूर्वेचा वारा तसाच राहिला असता तर तो टप्पा वाऱ्याच्या तोंडावर झाला असता. मल्लच्या दक्षिण किनाऱ्यावर मधे थांबायला भरवशाची जागा नाही, थेट लॉख स्पेल्व्हपर्यंत. त्या शक्यतेसाठी बुधवार दुपारी आयोनाला एक फाटा ठेवला होता: संध्याकाळच्या अंदाजात पूर्व ४ किंवा जास्त असेल तर टिंकर्स होलला जायचंच नाही, त्याच संध्याकाळी मागे फिरून कॅलियाखमार्गे टोबरमोरीकडे, रात्री उशिरा पोहोचलं तरी उजेडाचा शेवट सापडतो. तीस-बत्तीस मैलांची ती वाट इंजिनवर कंटाळवाणी झाली असती, पण आडोशातली. वारा ३ च्या आत असेल तर गुरुवारी भरतीबरोबर इंजिनवर ओबानकडे. तिन्ही वाटा कागदावर होत्या आणि डिझेल त्या हिशेबाने टोबरमोरीलाच भरलेलं होतं.

स्किपरला एक गोष्ट अजून पटलेली नाही. ऑगस्टमध्ये त्याने फोन केला. ‘दादा, मी सगळे आकडे पुन्हा मांडले. मंगळवारी ड्रमबुईहून निघालो असतो तर कॅना झालं असतं.’ त्याचं गणित असं: मंगळवारी पूर्व ३-४ मध्ये तीस मैल, बुधवारी वारा पडला, म्हणजे कॅनाची रात्रही शांत. गुरुवारी नैर्ऋत्येच्या वाऱ्यात टोबरमोरी, शुक्रवारी पावसात सामुद्रधुनीतून तळावर.

गणित बरोबर आहे. मी दोन गोष्टी सांगितल्या. मंगळवारची रात्र बुधवारसारखी शांत नव्हती. पूर्वेच्या वाऱ्यात दोन दिवस उठलेली लाट बंदराच्या तोंडातून आत येतच राहिली असती, बोट रात्रभर डोलली असती, कदाचित धोका नसता पण झोपही नसती. आणि शुक्रवारी टोबरमोरीहून तळापर्यंत पंचवीस मैल, पाचच्या आत, येणाऱ्या पावसाळी पट्ट्यात. त्या पट्ट्याची वेळ मंगळवारी सकाळी कुणालाच माहीत नव्हती, अंदाजात तो नव्हताच. तो सहा तास आधी आला असता तर गुरुवारचा आर्डनामर्खन वेगळा झाला असता. त्यावर त्याचं म्हणणं की आला नाही ना. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांना बॅराच हवं आहे. मी दोन आठवडे मागायला सांगितलं आहे, अष्टमीच्या सुमारास सुरू होणारे, आणि पहिले चार दिवस कागदावर कोरे.